काळ्या मातीतल्या सहा तारा

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरची माणसे जातात ती ठरावीक कारणांनी. शेगावला गजाननमहाराजांच्या समाधीपुढे डोके टेकवायला, सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला, नाहीतर लोणारच्या सरोवराच्या काठावर उभे राहून, आकाशातून पडलेल्या एका दगडापुढे आपण केवढे क्षुद्र आहोत याची जाणीव करून घ्यायला. यांपैकी कोणतेही कारण सांगितले, की घरची मंडळी आनंदाने संमती देतात आणि बरोबर चकलीचा डबाही देतात. मी मात्र गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर तिकडे निघालो तो गाणे ऐकण्यासाठी. आणि तेही अमेरिकेतल्या एका तरुण गिटारवादकाचे!

“पण ते गाणं तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे ना?” सौभाग्यवतींनी विचारले.

“आहे.”

“मग ते दादरला वाजत नाही का?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर द्यायचे म्हणजे थोडी मागची हकीकत सांगायला हवी.

माझ्या भाच्याला गिटारचा नाद आहे. हल्लीची मुले ज्याला नाद म्हणतात तसा वरवरचा नव्हे. चांगला बोटांना घट्टे पडण्याइतका. माझे कान वाढले ते ख्यालावर आणि भावगीतांवर. त्यामुळे त्याच्या खोलीतून येणाऱ्या आवाजांकडे मी आजवर शेजाऱ्याच्या दृष्टीनेच पाहत आलो होतो. एके दिवशी त्याने माझ्या फोनमध्ये एक अख्खा अल्बम भरून दिला आणि म्हणाला, “मामा, हे गाणं कापसाच्या गावातून आलंय. तुमच्या खामगावासारख्या.”

‘तुमच्या खामगावासारख्या’ या शब्दांनी मी जागा झालो. माझे आजोबा खामगावला एका कापसाच्या जिनात कारकून होते. मी त्या गावी लहानपणी राहिलो तो दोन-तीन सुट्ट्यांपुरता. पण पहाटेच्या अंधारात जात्यावर दळणारी माझी आजी आणि तिच्या ओव्या मला आठवतात. म्हणजे, शब्द आठवत नाहीत. जात्याची घरघर आणि तिच्यावर तरंगणारा एक बारीक, किंचित रडवा सूर तेवढा आठवतो. त्या ओव्या कुणी उतरून घेतल्या नाहीत. आजी १९६८ साली गेली आणि ओव्याही तिच्याबरोबर गेल्या. अशा घरातल्या माणसाला कुणी कापसाच्या गावचे गाणे म्हणून काही हातात दिले, तर ते दादरच्या गॅलरीत बसून कसे ऐकवेल?

आता त्या अल्बमविषयी. त्याचे नाव आहे ‘६६२’. बसच्या पाटीला शोभावा असा हा आकडा म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागाचा टेलिफोनचा क्रमांक. आपल्याकडे एखाद्या गायकाने आपल्या संग्रहाला गावाच्या पिनकोडाचे नाव द्यावे, तसा हा प्रकार. गायक-वादकाचे नाव ख्रिस्टोन इंग्रॅम. पण त्याला सारे ‘किंगफिश’ म्हणूनच ओळखतात. जन्म १९९९ चा, गाव क्लार्क्सडेल. अल्बम निघाला २०२१ च्या जुलै महिन्यात आणि पुढच्याच वर्षी त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या मुलाच्या संगीताला ‘ब्लूज’ म्हणतात. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी, गुलामगिरी संपल्यानंतरच्या दारिद्र्यात, शेतांत आणि रस्त्यांवर घडवलेले गाणे. पुढचे जॅझ काय, रॉक काय, सारे याच झाडाच्या फांद्या.

या गाण्याचा साचा अगदी साधा आहे. चार मात्रांचा एक, असे बारा खंड मिळून एक कडवे होते. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. गायकाची ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार बोलते. सूरही असे, की आपल्या कानाला ते परके वाटू नयेत. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या अधेमध्ये कुठेतरी एक स्वर असतो. तो पेटीवर सापडत नाही, पण गळ्यात आणि तारेत सापडतो. किंगफिश तार बोटाने बाजूला ओढून त्या स्वरापर्यंत जातो. आपला सतारिया मींड काढताना हेच करतो. हे नाते दूरचे नाही याची साक्ष आपल्या विश्वमोहन भट्ट यांनी दिलेली आहे. त्यांनी आपली मोहनवीणा घेऊन राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळाले होते.

क्लार्क्सडेल गावात मालगाडीच्या जुन्या धक्क्याच्या इमारतीत ब्लूजचे एक संग्रहालय आहे. गावातल्या पोरांना तिथे वाद्ये शिकवतात. किंगफिश तिथेच शिकला. त्याच संग्रहालयात एका लाकडी झोपडीचे अवशेष जपून ठेवले आहेत. ती झोपडी मडी वॉटर्स यांची. ते जवळच्या स्टोव्हल नावाच्या मळ्यात ट्रॅक्टर चालवीत आणि रात्री गिटार वाजवीत. १९४१ च्या उन्हाळ्यात अॅलन लोमॅक्स नावाचा एक संशोधक अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी गाणी गोळा करीत तिथे आला आणि त्याने मडींचे गाणे यंत्रावर उतरवून घेतले. लगेच वाजवून दाखवले. स्वतःचा आवाज बाहेरून कानावर पडला तेव्हा, हे आपल्याला जमण्यासारखे आहे, असे त्या माणसाला पहिल्यांदा वाटले. दोन वर्षांनी त्यांनी मळा सोडला, शिकागोची गाडी पकडली आणि पुढे जगाचे संगीत बदलून टाकले.

एवढे सामान कानात आणि मनात भरून मी जलंब स्टेशनावर उतरलो.

मलकापूर, नांदुरा मागे पडल्यावर आणि शेगाव येण्याच्या आधी हे जलंब लागते. मोठ्या लाइनीवरचे छोटे जंक्शन. इथून खामगावला जाणारा १३ किलोमीटरांचा फाटा फुटतो. शेगावच्या यात्रेकरूंनी भरलेली गाडी पुढे निघून गेली आणि फलाटावर मी, एक चहावाला आणि ऊन खात पडलेले एक कुत्रे असे तिघेच उरलो. खामगावच्या गाडीला फार अवकाश होता. मी बाकावर बसलो आणि कानात ती यंत्राची बोंडे घातली.

रेल्वेचा फलाट हा ब्लूजच्या दृष्टीने मोठा पवित्र आहे. १९०३ च्या सुमारास क्लार्क्सडेलजवळच्या टटवायलर स्टेशनावर डब्ल्यू. सी. हँडी नावाचे एक बँडमास्तर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत डुलक्या घेत होते. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर चाकूची पाठ घासत सूर काढीत होता आणि दोन रेल्वेलाइनी जिथे एकमेकींना छेदतात त्या ठिकाणाविषयीची एकच ओळ पुन:पुन्हा गात होता. इतके चमत्कारिक संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे हँडींनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या गाणाऱ्याचे नाव कुणालाही माहीत नाही. नाव राहिले ते ऐकणाऱ्याचे. गाणाऱ्याचा फक्त सूर राहिला.

जलंबच्या फलाटावर बसून हे आठवण्याला आणखीही एक कारण आहे. हा खामगावचा फाटा मुळात माणसांसाठी घातलेलाच नाही. तो कापसासाठी घातला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव आकाशाला भिडले. शेतकऱ्याने ज्वारी बाजूला सारून कापूस पेरला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. पण रेल्वे, तारायंत्र आणि परदेशी पेढ्या इथेच राहिल्या. १८७० साली खामगावचा हा फाटा सुरू झाला तेव्हा त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगावची रुई गाठी बांधून लिव्हरपूलला जाऊ लागली. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा मात्र वऱ्हाडातल्या माणसांना कळले, की कापूस नेसता येतो, विकता येतो, पण शिजवता येत नाही.

आता मौज पाहा. ज्या युद्धामुळे वऱ्हाड कापसाचा देश झाला, त्याच युद्धामुळे मिसिसिपीच्या मळ्यांतले गुलाम कायद्याने मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे काय, तर मालकाच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवू लागले आणि दरवर्षी हिशेबाच्या वहीत कर्जबाजारीच राहिले. त्यांच्या नातवंडांनी ब्लूज घडवला. एकाच लढाईचे धागे जगाच्या दोन टोकांना असे गुंतलेले आहेत. तिकडच्या माणसांना साखळदंडांचा जो इतिहास आहे तो इकडच्या कुणब्याला नाही, आणि दोन्ही दुःखे एका मापाने मोजणे हा दोन्हींवर अन्याय होईल. पण पावसाकडे पाहणे, भावाकडे पाहणे आणि सावकाराच्या वहीकडे न पाहणे, ही त्रिस्थळी यात्रा दोघांनीही केली आहे.

शाखा-गाडीची वाट न पाहता मी रिक्षा करून खामगावला गेलो. चांदीच्या बाजारासाठी नावाजलेले हे गाव. त्याच्या बाहेरच्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या गाड्या जिनाकडे चाललेल्या पाहिल्या. वाटेतल्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले होते. आजोबांचे जिन मात्र राहिले नव्हते. ज्या आळीत आजीचे जाते होते तिथे मोबाइलचे दुकान होते आणि दुकानदाराने मोठ्या आस्थेने माझा फोन चार्ज करून दिला.

दुसऱ्या दिवशी काळीपिवळीने मेहकरकडे निघालो. बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत. खालचा मजला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, भुसभुशीत खोल काळ्या मातीचा. त्याला पायनघाट म्हणतात. वरचा मजला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा, तो बालाघाट. जिना चढण्याआधी खालच्या मजल्यावरच, खामगावच्या एका जुन्या परिचितांच्या शेतात मी थांबलो. वेचणी सुरू होती. कंबरेला ओटे बांधून सहा-सात बाया पऱ्हाटीच्या तासांतून पुढे सरकत होत्या. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात १९४४ साली कापसाचे पीक पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळे यंत्राने काढून दाखवले गेले आणि तिथल्या मजुरांना शहरांची वाट धरावी लागली. आपल्याकडे कापूस आजही बायांच्या बोटांनीच वेचला जातो. बोंडाची वाळलेली टोके सुईसारखी असतात. त्या बोटांकडे पाहिले की गिटारवाल्या भाच्याचे घट्टे अगदीच किरकोळ वाटतात.

दुपारची न्याहरी सोडून मंडळी लिंबाखाली बसली. मी थोडा बाजूला, कानात बोंडे घालून.

“काय आयकून राह्यले जी भाऊ, कानात घालून?” एका वयस्कर बाईने विचारले.

“गाणं आहे, मावशी. अमेरिकेचं.”

“मंग आमालेबी आयकू द्या. का त्याचे पैसे पडतात?”

मी आवाज मोठा केला. त्या अल्बममध्ये ‘समथिंग इन द डर्ट’ नावाचे एक गाणे आहे. आमच्या गावच्या मातीतच काहीतरी आहे, अशा अर्थाचे, क्लार्क्सडेलविषयीचे. गिटार सुरू झाली. दोघीजणी हसल्या, एकीने पदर तोंडाला लावला. मी गाण्याच्या नावाचा अर्थ सांगितला.

“मातीत काहीतरी हाये म्हनते?” मावशी म्हणाल्या, “मंग खरं बोलून राह्यला बापा तो.”

“हाये ना, कर्ज हाये!” पलीकडून एक तरुण सून म्हणाली आणि लिंबाखाली खसखस पिकली.

त्या हसण्यात मीही सामील झालो. पण ते हसणे साधे नव्हते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. ज्या बाया हसत होत्या त्यांना या विषयावर माझ्याकडून काही ऐकून घेण्याची गरज नव्हती. दुःखावर असे तिरके हसायचे आणि पुढचे तास धरायचे, हाच तर ब्लूजचाही स्वभाव. भाच्याने मला हे तासभर समजावून सांगितले होते. त्या सुनेने ते दोन शब्दांत सांगितले.

मावशी मात्र मन लावून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गडी चूप बसला का ते तार बोलते. आमच्या गावात गोंधळी येत, त्याहीचं तुनतुनं असंच बोले.”

मी चकितच झालो. कारण मिसिसिपीतली पोरे गिटार परवडेपर्यंत झोपडीच्या भिंतीला एकच तार ठोकून, तिच्यावर बाटली घासून वाजवायला शिकत. एका तारेचेच ते वाद्य. तुणतुण्याचे हे सख्खे मावसभावंड मावशींनी पुस्तकावाचून ओळखले होते.

“तुम्ही गाता का वेचताना?” मी विचारले.

“आता फोनच गाते,” त्या म्हणाल्या. “पह्यले सीतादहीच्या दिवशी बाया म्हनत.” पहिल्या वेचणीच्या दिवशी पऱ्हाटीखाली दगड मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून बाया जी पूजा करतात ती सीतादही. “अन् माही माय जात्यावर म्हने. दोन पायल्या दळन होये तंवर तिचं गानं सरे नाही.”

“त्यातलं काही आठवतं का?”

त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग समोरच्या पांढऱ्या रानाकडे पाहत, कुणासाठीच नाही अशा आवाजात त्यांनी एक ओवी म्हटली. बहीण भावाची वाट पाहते आहे एवढाच तिचा विषय. पहिली ओळ म्हटली, तिचा अर्धा भाग पुन्हा घोळवला आणि मग दुसरी ओळ तिला उत्तरासारखी आली. मी न राहवून फोन पुढे केला आणि परवानगी विचारून ती ओवी पुन्हा म्हणायला लावली. अशा तीन झाल्या. चौथीला त्या अडखळल्या.

“पुढचं इसरली. चक्की आली, जातं गेलं. जातं गेलं, तं गानं कायच्या भरवशावर राहीन?”

मी भरून घेतलेले वाजवून दाखवले. बाया गोळा झाल्या. मावशींनी फोन कानाजवळ धरला, डोळे बारीक केले आणि संपेपर्यंत हूं की चूं केले नाही.

“हा माहा आवाज?” त्या म्हणाल्या. “हा तं माह्या मायचा आवाज निंघाला.”

मग ओटा बांधून त्या उठल्या, कारण वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि ऊन कलायला लागले होते.

घाट चढून मेहकरला पोहोचलो तोवर कापूस मागे पडून सोयाबीनची कापलेली रिकामी शेते लागली होती. पैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव भाविकांना ठाऊक आहे ते शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीसाठी. मी ज्यासाठी आलो होतो ते दैवत वेगळे. कविवर्य ना. घ. देशपांडे यांनी आयुष्य काढले ते या मेहकरात. जन्म १९०९ चा, व्यवसाय वकिलीचा. साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांना १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी मिळाले आणि २००० साली ते वारले. पण महाराष्ट्राच्या घराघरांत ते पोहोचले त्याच्या कितीतरी आधी, विशीत लिहिलेल्या ‘शीळ’ या कवितेमुळे. रानातून ऐकू येणारी शीळ आणि तिच्या ओढीने कासावीस झालेली खेड्यातली मुलगी, असा तिचा विषय. वकिलीचेच शिक्षण घेतलेल्या गो. ना. जोशी या तरुण गायकाने तिला चाल लावली आणि १९३२ च्या सुमारास ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताची ही पहिली तबकडी मानली जाते. जोशींनी पुढे वकिलीला रामराम ठोकून त्याच कंपनीत अनेक वर्षे काम केले आणि थोर थोर गवयांची गाणी तबकड्यांवर उतरवली.

माझ्या वयाच्या वाचकांनी ती काळीभोर तबकडी हाताळली असेल. तीन मिनिटांचे गाणे आणि हातातून पडली की ठिकऱ्या! ती फुटे, कारण ती लाखेची असे. ही लाख येई कुठून? तर मुख्यत्वे हिंदुस्थानातून. पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या झाडांवर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून. अमेरिकेतल्या तबकड्याही याच लाखेच्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, लाखेची टंचाई झाली तेव्हा तिथल्या सरकारने तबकड्यांच्या कारखान्यांना मिळणारी लाख एकदम कमी केली होती. म्हणजे मिसिसिपीच्या कापसवाल्यांची ती पहिली गाणी जगाने ऐकली, ती आपल्या रानातल्या झाडांच्या लाखेवर कोरलेली!

मेहकरच्या एका टपरीवर चहा घेत मी फोनवर ‘शीळ’ ऐकली आणि तिच्यामागोमाग किंगफिशचे एक गाणे. दोन्ही सुंदर, पण एक फरक जाणवला. मिसिसिपीच्या गाण्यात रानातला माणूस स्वतः गात होता. गाणे त्याचे, आवाज त्याचा, उच्चारही त्याचेच. आपल्याकडे रानातली शीळ दिवाणखान्यात आली ती एका वकिलाच्या लेखणीतून आणि दुसऱ्याच्या गळ्यातून. त्या दोघांचे मराठी मनावर फार उपकार आहेत. त्यांच्यामुळे खेड्यातली मुलगी आम्हां शहरवासीयांच्या घरात आली. पण तिचा स्वतःचा आवाज रानातच राहिला. तो आणायला त्या वेळी कुणी यंत्र घेऊन गेले नाही.

पुढे गेले, हेही सांगायला हवे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण महाराष्ट्राचेच झालेले गी पॉइतव्हाँ यांनी १९८० नंतर गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या संग्रहात १ लाखाहून अधिक ओव्या आहेत. पुढे त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेने त्या संगणकावर कुणालाही ऐकता याव्यात अशी सोय केली. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीबरोबर दिलेले असते. टटवायलरच्या फलाटावरल्या त्या अनामिकाला जे मिळाले नाही, ते या बायांना मिळाले.

पण महाराष्ट्र मोठा आहे आणि दोन माणसांचे आयुष्य लहान. लोमॅक्सला १९४१ साली मोटारीत घालून जे धूड न्यावे लागले, त्याहून बरे यंत्र आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आपण त्याच्यावर सकाळी फुलांची चित्रे आणि दिवाळीला दिव्यांची चित्रे पाठवतो. वाचकहो, या सणाला तुमच्या घरी एखादी आजी, आत्या, गावाकडची काकू येणारच. फराळ झाल्यावर, पत्ते मांडण्याआधी, तिला एवढेच विचारा, की तुझी आई दळताना काय म्हणायची. ती आधी लाजेल, मग विसरले म्हणेल. तरी थोडे थांबा. नाव, गाव, तारीख सांगून ठेवा आणि यंत्र सुरू करा. शब्द अर्धे असले तरी चालतील. अर्धी ओवी ही शून्य ओवीपेक्षा कितीतरी मोठी असते, हे माझ्यासारख्याने वेगळे सांगायला नको.

त्या तीन ओव्या मी मेहकरहूनच भाच्याला पाठवल्या. त्यांची एक प्रत त्या शेताच्या मालकांकडे, मावशींच्या मुलासाठी दिली. रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. आवाजात नेहमीचा थट्टेचा सूर नव्हता.

“मामा, मी गिटारवर धरायचा प्रयत्न करतोय. दुसऱ्या ओळीतला एक सूर पडद्यावर सापडतच नाही. दोन पडद्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.”

“मग?”

“मग काय, तार ओढतोय. थोडं थांबा, ऐकवतो.”